केसांची गोळी घ्यावी की नाही? भीती कुठली खरी, कुठली ऐकीव

गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावात एक अडचण असते. मेडिकलवाला ओळखीचा असतो. तो अब्बांना ओळखतो, चाचांना ओळखतो, आणि जुम्म्याला कदाचित शेजारच्याच सफमध्ये उभा असतो. त्यामुळे केस गळतीचं औषध गावात मागायची पोरांना लाज वाटते. काहीतरी काम काढून कोल्हापूर गाठायचं, नाहीतर मोबाईलवरून मागवायचं. डॉक्टर मध्ये येतच नाही. पार्सल उघडलं की गोळ्यांची पट्टी, एक बाटली आणि असलाच तर मुंगीएवढ्या अक्षरातला इंग्रजी कागद. मग शंका विचारायच्या कुणाला? मित्राला, किंवा व्हॉट्सअ‍ॅपला.

तिथून जी उत्तरं मिळतात ती दोनच प्रकारची. एक म्हणतो, "काय होत नाही रे, मी दोन वर्षं घेतोय." दुसरा म्हणतो, "घेऊ नकोस, नामर्द होशील." आमच्या मते ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे पोरांचं नुकसान होतंय. पहिल्यामुळे गोळीचे खरे धोके कुणी लक्षात ठेवत नाही. दुसऱ्यामुळे घाबरून औषध अर्धवट सोडलं जातं, किंवा ज्याचा काही उपयोग नाही अशा तेलावर हजारो रुपये जातात. म्हणून या औषधांबद्दल आजवर काय पक्कं कळलंय, ते इथे सविस्तर मांडतो आहोत.

आधी टक्कल पडतं कसं ते पाहू. आपल्या भागात प्रत्येकाला ऊस कळतो, त्यामुळे उसावरूनच सांगतो. लागणीचा ऊस जोमदार येतो. त्याचा खोडवा ठेवला तर जरा बारीक, निडवा ठेवला तर आणखी बारीक. केसाचंही तसंच. डोक्यावरचा एक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने थांबतो, गळतो, आणि त्याच मुळातून नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं यात काही वावगं नाही. पण ज्यांच्या अंगात तशी आनुवंशिकता आहे, त्यांच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि टाळूवर प्रत्येक फेरीला येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. शेवटी नुसती लव उरते. हे घडवतं डीएचटी नावाचं संप्रेरक, जे शरीर टेस्टोस्टेरॉनपासून तयार करतं. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वयात येण्याआधीच ज्यांची वृषणं काढली गेली त्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही.

हे एकदा कळलं की बऱ्याच गप्पा आपोआप गळून पडतात. टोपी घातल्याने टक्कल पडत नाही, हेल्मेटनेही नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने केस राठ होतील, तुटतील, पण कपाळ मागे सरकणार नाही. आखातात कामाला गेलेल्या जवळपास प्रत्येकाची तक्रार असते की तिकडच्या पाण्याने केस गेले. खरी गोष्ट अशी की माणूस तिकडे विशी-पंचविशीत जातो, आणि हे टक्कल सुरू होण्याचं वयही नेमकं तेच. वस्तऱ्याने डोकं साफ केलं की केस दाट येतात, हेही खरं नाही. हज-उमऱ्याला हलक केल्यावर येणारे केस आधीएवढेच असतात, फक्त टोकं बोथट असल्याने ते जाड भासतात. आणि मामूंना टक्कल म्हणून भाच्याला, हे अर्धंच खरं. आईकडून येणारा वाटा मोठा आहे, पण वडिलांकडूनही येतो.

सगळी केसगळती ही अशी नसते, आणि औषध सुरू करण्याआधी हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत काय झालं ते आठवा. दोन-तीन दिवसांत लोकांचे केस हातात येऊ लागले. बायका, लहान मुलंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. आधी पाण्यावर संशय गेला, शाम्पूवर गेला, आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा गळतीवर टकलाच्या गोळीचा काय उपयोग? टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस जातात, तेही बहुतेक वेळा आपोआप परत येतात. नाण्याएवढी गुळगुळीत जागा पडली तर ती चाई. खाज, खपल्या, पू असेल तर बुरशी किंवा दुसरं काही. यातलं काहीही असेल तर या लेखातली औषधं तुमच्यासाठी नाहीत, सरळ त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जा.

बाटलीतलं औषध

पुरुषांच्या टकलावर जगभर ज्यांचा भक्कम अभ्यास झाला अशी औषधं मुख्यतः दोनच. पहिलं मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून १९७९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा कंपनीने त्याचं डोक्याला लावायचं पाणी केलं आणि १९८८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आज ५ टक्क्यांचं पाणी किंवा फेस पुरुष वापरतात.

याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे "लावलं आणि उलट जास्तच केस गेले." सुरुवातीच्या काही आठवड्यांत असं होतं खरं. औषधामुळे थांबलेली मुळं नवी फेरी सुरू करतात आणि जुना केस ढकलून देतात. नेमका इथेच घाबरून निम्मे लोक बाटली फेकतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. टाळूवर उपयोग जास्त, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी, आणि जिथे कातडी चकचकीत झाली आहे तिथे जवळपास नाहीच.

डोक्याला खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे हा नेहमीचा त्रास. तो अनेकदा औषधापेक्षा पाण्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या घटकाने होतो, तेव्हा फेस वापरून पाहता येतो. छातीत धडधड, चक्कर, पायाला सूज आली तर थांबायचं. हृदयविकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरूच करायचं नाही. आजकाल याच औषधाच्या कमी मात्रेच्या गोळ्याही काही डॉक्टर देतात. त्या घेतल्यावर अंगावर केस वाढणं आणि पाय सुजणं जास्त दिसतं, त्यामुळे त्या स्वतःच्या मनाने घेण्याची गोष्ट नाही.

दाढी भरून यावी म्हणून आपली पोरं हेच पाणी गालाला चोळतात, हे आम्ही पाहतो आहोत. बाटलीवर ते फक्त डोक्यासाठी आहे असं लिहिलेलं असतं. गालाची कातडी नाजूक, आणि औषध नाका-तोंडाच्या इतकं जवळ. एकोणिसाव्या वर्षी दाढी विरळ असेल तर पंचविशीपर्यंत वाट पाहायला काय हरकत आहे?

घरात तान्हं बाळ असेल तर एक गोष्ट नक्की पाळा. स्पेनमध्ये बापाच्या डोक्यावरचं मिनॉक्सिडिल अंगाला लागून बाळांच्या पाठीवर, पायांवर दाट केस उगवल्याच्या नोंदी झाल्या. वापर थांबवल्यावर ते गेले. लावल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि डोकं सुकेपर्यंत बाळाला खांद्यावर घ्यायचं नाही. घरात मांजर पाळलेली असेल तर जास्तच जपा. हे औषध मांजरांना विषासारखं आहे, उशी चाटली तरी जीव जाऊ शकतो.

गोळी आणि तिची भीती

आता ज्यावरून सगळी कुजबुज होते ती फिनास्टेराइडची गोळी. हिची सुरुवात कॅरेबियन बेटांवरच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधून झाली. तिथल्या काही कुटुंबांत जन्मतःच डीएचटी फार कमी असणारी मुलं होती. मोठेपणी त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथीही लहान राहत होती. हे संशोधन १९७४ मध्ये छापून आलं. त्या धाग्यावरून डीएचटी कमी करणारं औषध तयार झालं. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी अमेरिकेत मंजूर झाली.

उपयोग होतो का? होतो. कंपनीच्या चाचण्यांत दोन वर्षांनी मोजलं तेव्हा गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी ८३ जणांचे केस टिकले होते किंवा वाढले होते. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ होतं. पण यातला "टिकले" हा शब्द नीट वाचा. ही गोळी मुख्यतः आहे ते राखते. विशीतलं कपाळ परत मिळेल अशी आशा धरून सुरू केली तर निराशाच पदरी येईल.

मर्दानगीचा प्रश्न. ही गोळी टेस्टोस्टेरॉन कमी करत नाही. त्याचं डीएचटी होणं रोखते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन उलट थोडं वाढतं. तरीही काही पुरुषांना इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं असा त्रास होतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याच चाचण्यांत पहिल्या वर्षी असा काही ना काही लैंगिक त्रास गोळी घेणाऱ्या शंभरांत सुमारे चौघांनी सांगितला, आणि खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांत दोघांनी. म्हणजे होतो, पण बहुतेकांना होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यातल्या बहुतेकांचा गोळी बंद केल्यावर जातो.

भीतीचाही यात वाटा असतो. इटलीत १२० प्रोस्टेट रुग्णांवर झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सगळ्यांना तीच गोळी दिली. निम्म्यांना लैंगिक त्रासाची शक्यता आधी सांगितली, निम्म्यांना सांगितली नाही. ज्यांना सांगितलं त्यांच्यात सुमारे ४४ टक्क्यांनी त्रास झाल्याचं सांगितलं, ज्यांना सांगितलं नाही त्यांच्यात सुमारे १५ टक्क्यांनी. याचा अर्थ तक्रार करणारा खोटं बोलतो असा मुळीच नाही. मनातली धास्ती शरीरात उतरते, एवढाच.

पण एक गोष्ट अशी आहे जी "काय होत नाही" म्हणणारे मित्र कधीच सांगत नाहीत. गोळी बंद केल्यावरही त्रास चालू राहिल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, आणि २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ती सूचना गोळीच्या माहितीपत्रकात घालायला लावली. असं किती जणांना होतं याचा पक्का आकडा कुणाकडेच नाही, संख्या मोठी दिसत नाही, पण शक्यता शून्य नाही. दुसरं म्हणजे मन. उदासी येणं ही सूचना आधीपासून होतीच. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेच्या समितीने सगळी माहिती तपासून आत्महत्येचे विचार येणं हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. नोंदवलेल्या बहुतेक तक्रारी केसांसाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या, म्हणजे तरुणांच्याच होत्या.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं. ज्याला आधी कधी नैराश्य येऊन गेलं आहे, ज्याच्या डोक्यात असले विचार येऊन गेले आहेत, त्याने ही गोळी डॉक्टरशी त्याबद्दल मोकळेपणाने बोलल्याशिवाय घेऊच नये. आणि जो घेतो आहे त्याने घरातल्या निदान एका माणसाला ते सांगून ठेवावं. कारण झोप उडाली, चिडचिड वाढली, मित्रांत बसणं सुटलं, हे स्वतःला उशिरा कळतं आणि अम्मीला, भावाला आधी दिसतं. गोळी लपवून घेतलेली असेल तर या सगळ्याचा संबंध कुणी जोडणार नाही. घरचे म्हणतील पोराला कामाचं टेन्शन आहे, कुणी नजर लागली म्हणून दम करायला घेऊन जाईल, आणि पट्टी मात्र चालूच राहील. मनात असे विचार आले तर गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि डॉक्टर गाठायचा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

लग्न ठरलेल्यांचा प्रश्न वेगळा. "मूल होण्यात अडचण येईल का?" काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या कमी झाल्याचं दिसलं आहे, आणि गोळी बंद केल्यावर ती काही महिन्यांत सुधारलेलीही दिसली. त्यामुळे निकाहनंतर मूल राहायला वेळ लागत असेल तर डॉक्टरला ही गोळी चालू असल्याचं पहिल्या भेटीतच सांगा. नाहीतर सगळ्या तपासण्या बिचाऱ्या बायकोच्याच होत राहतात. आणि बायकोला तर सांगायलाच हवं. गरोदर बाईने तुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या अवयवांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अख्ख्या गोळीवर वेष्टन असतं, त्यामुळे पट्टीला हात लागला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण एकत्र कुटुंबात सगळ्यांची औषधं एकाच डब्यात असतात, तिथे ही ठेवू नका. ५ मिलिग्रॅमची स्वस्त पडते म्हणून तिचे चाकूने चार तुकडे करणारे आहेत, त्यांच्या घरात तर हा धोका रोजचाच.

ड्युटास्टेराइड नावाची आणखी जोरदार गोळीही मिळते. ती शरीरातून जायला काही महिने लागतात, म्हणजे त्रास झाला तर तोही लवकर सुटत नाही. डॉक्टरने स्वतः सुचवली नसेल तर तिच्या नादी लागू नये. फिनास्टेराइड मिसळलेली डोक्याला लावायची पाणीही बाजारात आहेत. लावायचं आहे म्हणजे अंगात जात नाही, असं समजू नका. थोडं रक्तात उतरतंच.

वुझू, रोजा आणि बाटलीतलं अल्कोहोल

हे प्रश्न डॉक्टरला विचारायला संकोच वाटतो आणि मौलानांना औषधाची माहिती नसते, म्हणून मधेच लटकतात. मिनॉक्सिडिलच्या पाण्यात बहुधा अल्कोहोल असतं, ते औषध विरघळवण्यासाठी आणि लवकर सुकण्यासाठी. बाहेरून लावायच्या औषधातल्या अशा अल्कोहोलला आजचे अनेक मुफ्ती सवलत देतात. मनात खटकत असेल तर बाटली घेऊन जाऊन, त्यावरचे घटक वाचून दाखवून आपल्या आलिमांना विचारा. नुसतं "अल्कोहोल चालतं का" असं विचारलं तर उत्तर अर्धवटच मिळणार. अल्कोहोल नसलेले प्रकारही मिळतात.

लावल्यावर निदान चार तास डोकं ओलं करू नये असं असतं, मग मसह कसा करायचा? सोपा मार्ग म्हणजे एकदा फजरनंतर आणि एकदा इशानंतर लावणं. फजर ते जोहर मध्ये भरपूर वेळ जातो, आणि इशानंतर लावून लगेच आडवं न होता डोकं सुकू दिलं की उशीलाही लागत नाही. टोपी सुकल्यावरच घाला. डोक्याला तेल लावून जसा रोजा तुटत नाही तसाच हाही प्रश्न. गोळी दिवसातून एकदाच असते, जेवणाआधी घ्या की नंतर फरक पडत नाही, त्यामुळे रमजानमध्ये इफ्तारनंतर घेता येते. उमऱ्याला जाताना सुगंध घातलेलं औषध एहरामात चालेल का, हे मात्र निघण्याआधी विचारून ठेवा.

केसांसाठी म्हणून ज्या रंगीत गोळ्या-कॅप्सूल विकल्या जातात त्यांच्यात जिलेटिन असू शकतं, ते कशाचं आहे हे डब्यावर अनेकदा लिहिलेलं नसतं. तशीही त्यांची गरज नसते. बायोटिनची कमतरता क्वचितच कुणाला असते आणि आनुवंशिक टक्कल त्याने थांबत नाही. उलट जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात.

आणि आठवडी बाजारात, गाडीवर, मोबाईलवर "टक्कल गेलं नाही तर पैसे परत" म्हणणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो. आपल्या देशाच्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची एक यादी आहे. ज्या आजारांवर औषध बरं करतं असा दावा करायलाच मनाई आहे, त्यांची ती यादी. टक्कल त्यात आहे. म्हणजे दावा जितका मोठा, तितका तो माणूस नियम मोडतो आहे.

मग जायचं कुठे? गावात विचारायला लाज वाटत असेल तर कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर आहे. सीपीआर रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे त्वचारोग विभाग आहे. जाताना मोबाईलवर मागवलेली पट्टी आणि बाटली सोबत न्या, चालू असलेल्या बाकी गोळ्यांची नावंही. सुरू करण्याआधी आणि मग दर तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात टाळूचा फोटो काढा. रोज आरशात पाहून काही कळत नाही. वर्षभरात फरक नसेल तर चालू ठेवण्यात अर्थ नाही, आणि फरक असेल तर थांबवल्यावर वर्षभरात तो जाणार, हे धरूनच महिन्याचा खर्च मोजा. चाळिशीपुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण आकडा निम्म्याने कमी दिसतो आणि आजार लपू शकतो.

ईद-ए-मिलादला आपल्याकडे ठिकठिकाणी रक्तदान शिबिरं होतात. फिनास्टेराइड घेणाऱ्याने तिथे रांगेत उभं राहण्याआधी रक्तपेढीच्या माणसाला तसं सांगायचं. गोळी बंद करून निदान एक महिना गेल्याशिवाय, आणि ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिने गेल्याशिवाय रक्त देऊ नये. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.